पॉइंट किती रुपयांना वटतात? प्रवासासाठीच्या क्रेडिट कार्डांची मी केलेली तुलना

आमची लेक जर्मनीत आखेनला शिकते. २०२५ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे जायचे ठरले, तेव्हा तिकिटे, हॉटेले आणि तिकडचा खर्च कोणत्या क्रेडिट कार्डावर करायचा हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. घरात एक जुने साधे कार्ड होते. त्यावर वर्षानुवर्षे पॉइंट जमत होते आणि ते पॉइंट कशासाठी आहेत हे आम्हां दोघांनाही नीट ठाऊक नव्हते. प्रवासासाठी म्हणून विकली जाणारी, वार्षिक शुल्क घेणारी ‘प्रीमियम’ कार्डे खरोखर त्या शुल्काच्या लायकीची आहेत का, हे एकदा बारकाईने तपासावे असे मी ठरवले. मी एका कारखान्याच्या लेखा विभागात काम करते. आलेल्या प्रत्येक खर्चाचे शीर्ष तपासणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे तीच पद्धत मी इथे लावली.

बँकांची माहितीपत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. स्वागताचे पॉइंट, विमानतळावरचे लाउंज, ठरावीक खर्च ओलांडल्यावर मिळणारी बक्षिसे, विमा आणि गोल्फ हे सारे पहिल्या पानावर ठळक असते. मिळालेला पॉइंट किती रुपयांना वटेल आणि परदेशात कार्ड वापरल्यावर चलन बदलण्याचे किती पैसे कापले जातील, हे मात्र शेवटच्या पानांवरच्या बारीक अक्षरांत किंवा ‘एमआयटीसी’ नावाच्या अटींच्या लांबलचक पत्रकात सापडते. माझ्या मते तुलना याच शेवटच्या पानांपासून सुरू करायला हवी.

त्याआधी एक अट सांगितली पाहिजे. दर महिन्याचे बिल पूर्ण भरणाऱ्यालाच ही सगळी उठाठेव उपयोगाची आहे. बहुतेक कार्डांवर थकबाकीचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जातो, आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी लागतो. ‘किमान देय रक्कम’ भरून उरलेले पुढे ढकलणाऱ्याला कोणत्याही कार्डाचे पॉइंट तारू शकत नाहीत. तसे असेल तर आधी ती थकबाकी फेडावी आणि मग कार्डांकडे पाहावे.

पहिले काम मी केले ते मागच्या बारा महिन्यांचा घरखर्च वेगळा करण्याचे. जे खर्च कार्डावर करता येतात त्यांची बेरीज मोठी दिसत होती. पण अनेक कार्डांच्या अटींमध्ये पेट्रोल, घरभाडे, विम्याचे हप्ते, वीजबिल, सरकारी भरणा, सोने आणि वॉलेटमध्ये पैसे टाकणे यांवर पॉइंट मिळत नाहीत किंवा त्यांना मर्यादा घातलेली असते. मेडिक्लेमचा हप्ता, महावितरणचे बिल, महापालिकेचा मिळकतकर, पेट्रोल आणि सोसायटीचा मेन्टेनन्स असे एकेक शीर्ष वगळत गेल्यावर आमचा पॉइंटपात्र खर्च साधारण चार लाखांवर आला. त्यात विमान कंपनीकडून आणि हॉटेलांकडून थेट करायचे आरक्षण सुमारे एक लाख वीस हजारांचे होते आणि उरलेला किराणा, कपडे, औषधे, बाहेरचे जेवण व ऑनलाइन खरेदीचा होता. पुढची सारी आकडेमोड मी याच चार लाखांवर केली. माहितीपत्रकातली उदाहरणे नेहमी दहा-पंधरा लाख खर्च करणाऱ्या ग्राहकाची असतात; तिथे सगळीच कार्डे चांगली दिसतात.

इथेच एक तांत्रिक बाब कळली, जी आधीच ठाऊक असलेली बरी. खर्च ‘प्रवास’ म्हणून मोजला जाईल की नाही हे आपण काय विकत घेतले यावर ठरत नाही. दुकानदाराच्या खात्याला लावलेल्या चार आकडी व्यवसाय-कोडवर ते ठरते. विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेले तिकीट आणि तेच तिकीट एखाद्या मध्यस्थ अ‍ॅपवरून घेतलेले, यांना एकाच कार्डावर निरनिराळे पॉइंट मिळू शकतात. गल्लीतल्या ट्रॅव्हल एजंटकडे कार्ड घासले तर तिसराच प्रकार होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पॉइंट मिळण्याचा दर आणि पॉइंट वटण्याचा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा फरक दुसऱ्यात आहे. एचडीएफसी बँकेचे रेगालिया गोल्ड हे कार्ड याचे चांगले उदाहरण आहे. मी पाहिले तेव्हा त्याचे शुल्क २,५०० रुपये अधिक जीएसटी होते आणि वर्षाला चार लाख खर्च झाला तर पुढचे शुल्क माफ होत होते. दर १५० रुपयांना ४ पॉइंट, म्हणजे आमच्या चार लाखांवर सुमारे १०,६६६ पॉइंट. आकडा भरघोस वाटतो. पण हाच पॉइंट बँकेच्या स्मार्टबाय पोर्टलवर विमान किंवा हॉटेलासाठी वापरला तर ५० पैशांना वटतो, ठरावीक वस्तूंच्या यादीतून काही घेतले तर ६५ पैशांपर्यंत जातो आणि बिलातून रोख वजा करून घेतला तर फक्त २० पैशांचा उरतो. म्हणजे एकाच वर्षाचे तेच पॉइंट प्रवासाला वापरले तर ५,३३३ रुपयांचे होतात आणि ‘पैसेच वळते करा’ म्हटले तर २,१३३ रुपयांचे. आमच्या ओळखीतले कित्येक जण दरवर्षी हा दुसरा मार्ग धरतात, कारण फोनवर तो एका बटणात होतो. मला याचे फार वाईट वाटते. शुल्क भरून, वर्षभर कार्ड जपून वापरून मिळवलेल्या मोबदल्याचा निम्म्याहून अधिक भाग शेवटच्या पायरीवर सोडून देणे ही काही लहान गोष्ट नाही.

त्याच बँकेचे इन्फिनिया हे सर्वांत वरचे कार्ड. शुल्क १२,५०० रुपये, जीएसटी धरून १४,७५० रुपये. दर १५० रुपयांना ५ पॉइंट, आणि प्रवासाच्या आरक्षणात एक पॉइंट एक रुपयाला वटतो. आमच्या खर्चावर त्याचे १३,३३३ रुपये झाले असते आणि स्वागताला व नूतनीकरणाला शुल्काइतकेच १२,५०० पॉइंट मिळतात, त्यामुळे वरवर पाहता शुल्क भरून निघते. फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. आरक्षणाच्या रकमेतला सत्तर टक्के भागच पॉइंटांतून भरता येतो, उरलेला कार्डावर द्यावा लागतो. आणि हे कार्ड बँक ज्याला बोलावते त्यालाच मिळते. माझ्या यजमानांचे पगाराचे खाते अनेक वर्षे तिथे असूनही ते आमच्या पदरात पडण्यासारखे नव्हते. जे मिळणार नाही त्याची तुलना लांबवण्यात अर्थ नाही, म्हणून मी ते पान मिटले.

अ‍ॅक्सिस बँकेच्या अ‍ॅटलस कार्डाचा हिशेब मात्र मी अनेकदा पुन्हा पुन्हा मांडला. शुल्क ५,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५,९००, आणि माफीची सोय नाही. या कार्डावर पॉइंटांऐवजी ‘एज माइल’ मिळतात. विमान कंपनी व हॉटेलाकडे थेट केलेल्या खर्चावर शंभराला ५, बाकीच्यावर शंभराला २, आणि वर्षात तीन लाख ओलांडले की २,५०० जास्तीचे. आमच्या खर्चाने हे गणित असे झाले : एक लाख वीस हजारांवर ६,०००, दोन लाख ऐंशी हजारांवर ५,६००, आणि टप्प्याचे २,५००. एकूण १४,१००. बँकेच्या स्वतःच्या प्रवास-पोर्टलवर एक माइल एका रुपयाला वटतो; विमान कंपन्यांच्या योजनांमध्ये (जिथे मैल देऊन तिकीट काढता येते) पाठवला तर तेव्हा एकाचे दोन होत होते. म्हणजे १४,१०० चे २८,२०० विमान-मैल.

‘एकाचे दोन’ हे ऐकायला फार गोड आहे, आणि याच जागी मी सर्वांत जास्त वेळ दिला. दोन झाले म्हणजे दुप्पट फायदा झाला असे नाही. पोर्टलवर एका माइलचा रुपया हमखास मिळत असेल, तर पाठवून झालेल्या दोन मैलांमधला प्रत्येक मैल ५० पैशांपेक्षा जास्त वटला तरच पाठवण्यात अर्थ आहे. मैल किती वटतो हे काढणे सोपे आहे. तिकिटाचे रोख भाडे घ्यावे, मैलांवर तिकीट काढले तरी रोखीने भरावे लागणारे कर आणि अधिभार त्यातून वजा करावेत, आणि उरलेल्याला लागणाऱ्या मैलांनी भागावे. युरोपच्या मार्गांवर काही कंपन्यांचे अधिभार इतके असतात की ‘फुकट’ तिकिटाला हजारो रुपये मोजावे लागतात आणि भागाकार कोसळतो. शिवाय मैलांसाठी ठेवलेल्या स्वस्त जागा मोजक्या असतात. दिवाळीत किंवा नाताळात त्या दिसत नाहीत. एकदा बँकेतून विमान कंपनीकडे गेलेले मैल परत येत नाहीत आणि तिकडे त्यांना मुदत असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत ती तीन वर्षांची आहे. म्हणून जागा प्रत्यक्ष दिसल्याशिवाय मैल हलवायचे नाहीत, असे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

अमेरिकन एक्स्प्रेसचे प्लॅटिनम ट्रॅव्हल कार्ड कागदावर या सगळ्यांच्या पुढे होते. २०२५ च्या सुरुवातीच्या अटींप्रमाणे शुल्क ५,००० अधिक जीएसटी. वर्षात १ लाख ९० हजारांचा खर्च झाला की १५,००० पॉइंट, चार लाख झाले की आणखी २५,००० आणि ताजच्या हॉटेलांचे १०,००० रुपयांचे व्हाउचर. दर ५० रुपयांना एक या हिशेबाने चार लाखांवर ८,००० साधे पॉइंट धरले तर ४८,००० होतात आणि ते मॅरियट हॉटेलांच्या योजनेत एकास एक जात होते. त्या योजनेत पॉइंटांवर सलग पाच रात्री राहिले की पाचव्या रात्रीचे पॉइंट लागत नाहीत, त्यामुळे लांब मुक्कामाच्या कुटुंबाला याचा खरा उपयोग होऊ शकतो.

पण चार लाख त्या कार्डावर होणार कसे, हा आमचा प्रश्न होता. आमचा किराणा कोथरूडच्या ज्या दुकानातून येतो तिथे विचारले, तर “ताई, ते कार्ड आपल्याकडे नाही चालत, जीपे करा,” असे उत्तर आले. औषधांच्या दुकानात तेच, घराजवळच्या खानावळीत तेच. मोठी दुकाने आणि ऑनलाइन खरेदी धरून आमचा खर्च जेमतेम अडीच लाखांपर्यंत गेला असता; म्हणजे पहिला टप्पा मिळून दुसरा हुकणार आणि ४८,००० ऐवजी २०,००० वर थांबणार. टप्पा गाठण्यासाठी वर्षअखेर भेट-व्हाउचर विकत घेऊन ठेवावीत असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो मान्य नाही. जे घ्यायचे नव्हते ते बक्षिसासाठी घेणे याला बचत म्हणता येत नाही, आणि घरच्या अंदाजपत्रकाची शिस्त एकदा बिघडली की ती पुढच्या महिन्यांतही बिघडत जाते.

लाउंजविषयी थोडे कठोर लिहावे लागेल. ‘मॅडम, बाकी सगळं सोडा, लाउंज किती आहेत ते बघा,’ असे मला एका बँकेच्या प्रतिनिधीने फोनवर अगदी मनापासून सांगितले होते. लाउंजची किंमत ठरवताना मी त्याचा छापील दर धरला नाही; लाउंज नसते तर मी विमानतळावर खिशातून किती खर्च केले असते, तेवढेच धरले. आम्ही घरून डबा खाऊन निघणारी माणसे. चहा, एखादे सँडविच आणि बसायला बरी खुर्ची यांसाठी माणशी पाचशे रुपये धरले तरी पुष्कळ झाले. लाउंज वर्षात किती वेळा लागणार, सोबतच्या माणसाला प्रवेश आहे का, जोडकार्डाला (त्याच खात्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाला मिळणाऱ्या कार्डाला) वेगळी मोजणी आहे का की एकाच कोट्यातून जाते, हे विचारल्यावर बहुतेक कार्डांच्या लाउंजची आमच्यासाठीची किंमत दोन-तीन हजारांच्या वर जाईना. मुंबईच्या टर्मिनल दोनवर रात्रीच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वेळी लाउंजबाहेर जी रांग लागते ती पाहिलेल्या कोणालाही हा आकडा कमी वाटणार नाही.

शिवाय ही सवलत आता पूर्वीसारखी बिनशर्त राहिलेली नाही. आयसीआयसीआय बँकेने एप्रिल २०२४ पासून आपल्या अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्च केला असेल तरच देशांतर्गत लाउंज, अशी अट घातली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती रक्कम ७५,००० केली. वर्षातून एक-दोनदा विमानाने जाणाऱ्या कुटुंबाने लाउंजसाठी तिमाहीचा खर्च वाढवत नेणे मला मुळीच पटत नाही.

ज्या बाबीवर कोणी बोलत नाही आणि जिच्यावर आमचा निर्णय खरा ठरला ती म्हणजे परकीय चलनाचा मार्कअप. परदेशात कार्ड वापरले की बहुतेक भारतीय बँका व्यवहाराच्या रकमेवर साडेतीन टक्के लावतात आणि त्या साडेतीनवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे प्रत्यक्षात ४.१३ टक्के. रेगालिया गोल्ड आणि इन्फिनियावर हा दर दोन टक्के, जीएसटीसह २.३६. अ‍ॅटलसवर साडेतीन. आम्ही तिकडे कार्डावर साधारण दोन लाखांचा खर्च धरला होता : राहण्याची जागा, रेल्वे, लेकीच्या खोलीसाठी थोडे सामान. त्यावर ४.१३ टक्क्यांनी ८,२६० रुपये जातात, २.३६ टक्क्यांनी ४,७२०. आणि शून्य मार्कअपच्या कार्डावर काहीच जात नाही. एका प्रवासातली ८,२६० रुपयांची ही गळती रेगालियाच्या वर्षभराच्या साऱ्या पॉइंटांपेक्षा जास्त आहे! पॉइंट मिळाल्याचा संदेश फोनवर लगेच येतो. मार्कअप मात्र बिलात वेगळी ओळ म्हणून, तीही काही दिवसांनी दिसते, आणि तोवर माणूस घरी परतलेला असतो.

शून्य मार्कअपची कार्डे आता बरीच आहेत. आरबीएल बँकेचे वर्ल्ड सफारी, आयडीएफसी फर्स्ट बँकेचे मयूरा आणि फेडरल बँकेसोबतचे स्कॅपिया ही मी तपासलेली तीन. मयूराचे शुल्क ५,९९९ रुपये अधिक जीएसटी होते, स्कॅपियाला वार्षिक शुल्क नव्हते. स्कॅपियाची नाणी त्यांच्याच अ‍ॅपवरच्या प्रवास-आरक्षणात वापरावी लागतात, पाच नाण्यांचा एक रुपया. ही मर्यादा खरी आहे; पण मला ते कार्ड पॉइंट मिळवायला नकोच होते, परदेशात गळती थांबवायला हवे होते.

या निमित्ताने टीसीएसविषयी, म्हणजे पैसे परदेशी जाताना आगाऊ कापून घेतल्या जाणाऱ्या कराविषयी, अनेकांनी आम्हांला घाबरवले, म्हणून तेही लिहिते. परदेशात असताना आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डाने केलेला खर्च एलआरएसच्या (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेच्या) मर्यादेत धरण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे ढकलला गेला, त्यामुळे अशा खर्चावर टीसीएस कापला जात नाही. फॉरेक्स कार्डात (परकीय चलन आधी भरून न्यायच्या कार्डात) पैसे भरणे एलआरएसमध्ये येते, पण तिथेही १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस नाही. परदेशी सहलीचे पॅकेज घेणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत.

कार्डासोबतच्या विम्यावरही माझा फार विश्वास राहिला नाही. अपघात विम्याचे आकडे कोटींत असतात. पण अनेक योजनांत तिकीट त्याच कार्डाने घेतलेले असणे ही अट असते, आणि तो प्रामुख्याने विमान-अपघाताचा असतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण आणि तसे प्रमाणपत्र लागते. ग्राहकसेवेला फोन करून प्रवाशाच्या नावाने, तारखांसह असे पत्र मिळेल का हे विचारले, तर मला कुठूनही स्पष्ट होकार मिळाला नाही. तेव्हा दोघांसाठी वेगळी प्रवास-विमा पॉलिसी घेतली आणि तुलनेच्या तक्त्यात विम्यापुढे शून्य लिहिले. गोल्फ आणि ‘कॉन्सिअर्ज’ (आपल्या वतीने आरक्षणे वगैरे करून देणारी सेवा) यांच्यापुढे ते आधीच लिहिलेले होते.

हे सारे मांडताना आणखी एका गोष्टीने मला सावध केले. अ‍ॅक्सिसचेच मॅग्नस कार्ड एके काळी महिन्याला एक लाख खर्च केला की २५,००० पॉइंट देत असे आणि पाच पॉइंटांचे चार मैल होत. सप्टेंबर २०२३ पासून ते मासिक बक्षीस बंद झाले, पाचाचे दोन झाले आणि शुल्क मात्र वाढले. ‘विस्तारा’ या विमान कंपनीच्या नावाची कार्डे अनेकांनी तिकीट-व्हाउचरांसाठी घेतली होती. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ती विमान कंपनीच एअर इंडियात विलीन झाली. बँकेने नोटीस देऊन अटी बदलणे कायद्याने चालते, आणि साठवलेल्या पॉइंटांवर व्याज तर मिळत नाहीच, उलट त्यांची किंमत एका परिपत्रकाने निम्मी होऊ शकते. म्हणून पाच वर्षांनी बिझनेस क्लासने जाण्याची स्वप्ने दाखवणारे हिशेब मी तक्त्यातून काढून टाकले. ज्या वर्षी मिळतील त्या किंवा फार तर पुढच्या वर्षी वटतील तेवढेच पॉइंट खरे धरले.

शेवटी आम्ही दोन कार्डे घेतली. देशातला खर्च आणि तिकिटा-हॉटेलांचे रुपयांतले आरक्षण अ‍ॅटलसवर, आणि सीमेपलीकडचा प्रत्येक व्यवहार स्कॅपियावर. यजमानांसाठी वेगळे कार्ड न घेता अ‍ॅटलसचे जोडकार्ड घेतले, म्हणजे दोघांचा खर्च एकाच खात्यात जमून तीन लाखांचा टप्पा गाठता येतो. एकाच वेळी चार-पाच बँकांकडे अर्ज टाकू नयेत, हेही सांगते. प्रत्येक अर्जामागे बँक आपला पतअहवाल मागवते आणि त्या चौकश्यांची नोंद राहते.

आखेनमध्ये हिशेब बरोबर उतरला, पण एका ठिकाणी डोळ्यांत तेल घालून राहावे लागले. हॉटेल सोडताना स्वागतकक्षातल्या तरुणाने यंत्र माझ्यापुढे सरकवले. पडद्यावर दोन चौकोन होते : वर ४१२ युरो, खाली भारतीय रुपयांत एकेचाळीस हजारांच्या वरची रक्कम. रुपयांच्या चौकोनाभोवती हिरवी चौकट होती, जणू तोच निवडायचा आहे. त्या दिवशीच्या दराने ४१२ युरोंचे चाळीस हजारही होत नव्हते. रुपये निवडले असते तर चलनाचा दर तिकडच्या यंत्राच्या कंपनीने लावला असता, आमचे शून्य मार्कअप निरुपयोगी ठरले असते आणि परदेशात रुपयांत व्यवहार केल्याचे वेगळे शुल्क काही भारतीय बँका लावतात ते कार्डानुसार वरून पडले असते. मी युरो निवडले. “तुमच्या चलनात सोपे जाईल,” असे तो सौजन्याने म्हणाला. मी त्याला युरोच हवेत असे सांगितले आणि छापील पावतीवर युरोच आहेत हे पाहूनच पिन दाबला. रेल्वे स्थानकावरच्या यंत्रात, कपड्यांच्या दुकानात, सगळीकडे हा प्रश्न येतो आणि सगळीकडे उत्तर तेच द्यायचे असते : त्या देशाचे चलन. लहान बेकऱ्यांमध्ये रोखच चालते. त्यासाठी थोडे युरो इथूनच नेले होते. क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढले तर शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज लागते, ते आम्ही एकदाही केले नाही.

परत आल्यावर जुने कार्ड बंद केले. त्यावरचे पॉइंट आधी वटवून घेतले, मग लेखी विनंती टाकली. त्या बँकेतून लगोलग फोन आले, पुढचे शुल्क निम्मे करू, मग माफच करू, असे सांगण्यात आले. आम्हांला ते कार्ड नकोच होते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे थकबाकी नसेल तर विनंतीपासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे आणि उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. विनंतीत मी या नियमाचा उल्लेख केला होता. कार्ड मुदतीत बंद झाले.

अ‍ॅटलसवर जमलेले माइल काही महिने तसेच होते. लेकीला सुट्टीत घरी यायचे ठरले तेव्हा मुंबईपर्यंतचे तिचे तिकीट रोखीने आणि मैलांनी असे दोन्ही प्रकारे काढून पाहिले. एका तारखेला कर वजा जाता मैलाला ३८ पैसे पडत होते. ती तारीख सोडली. दोन दिवस अलीकडच्या तारखेला त्याच मार्गावर ७१ पैसे पडले आणि जागा उपलब्ध दिसत होती, तेव्हा तिकिटाला लागतील तेवढेच मैल पाठवले, कर रोखीने भरले आणि उरलेले माइल बँकेच्याच खात्यात ठेवले. शुल्काचे ५,९०० रुपये पुन्हा लागण्याआधी महिनाभर बँकेचे अटींचे ताजे पत्रक काढून हाच तक्ता नव्या आकड्यांनी भरायचा, असे यजमानांनी दिनदर्शिकेत लिहून ठेवले आहे. आकडे जमले नाहीत तर उरलेले माइल पोर्टलवर रुपयाला रुपया वटवून हे कार्डही बंद करू.